युरोव्हिजनमध्ये प्रेमाचं बॅलड उतरवायचं तर: नवख्या गीतकार-गायकांसाठी

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांमधली, मे महिन्यात होणारी गाण्यांची स्पर्धा; प्रत्येक देशाची प्रसारण संस्था तिथे एक गाणं पाठवते. तिथे संथ लयीचं प्रेमगीत, म्हणजे बॅलड, पाठवायचं असेल, तर आधी गुण कसे मिळतात ते समजून घ्या. प्रत्येक देशाची ज्यूरी आपल्या पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि पुढे ७ पासून १ पर्यंत गुण देते. त्याच देशाचे प्रेक्षकही असाच दुसरा संच देतात. अकरावं गाणं आणि शेवटचं गाणं दोघांनाही शून्य. म्हणजे वीस देशांतल्या प्रेक्षकांनी तुम्हाला अकराव्या क्रमांकावर ठेवलं, तर हाती काहीच नाही. पण दहा देशांनी पहिलं ठेवलं आणि बाकीच्यांनी पाठ फिरवली, तरी १२० गुण जमा. बॅलड नेमकं इथेच मार खातं. ते कुणालाच खटकत नाही, सगळ्यांना गोड वाटतं आणि त्यासाठी मत मात्र कुणी देत नाही. पुढे जे काही सांगितलं आहे ते या एका धोक्यातून बाहेर पडण्यासाठी आहे. गाणं सगळ्यांना थोडं आवडण्यापेक्षा काहींच्या जिवाला भिडायला हवं.

पहिली पायरी: चाल सुचण्याआधी नियम

गाणं तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. शेवटच्या सुराची विरत जाणारी घुमही त्यातच धरायची. रंगमंचावर जास्तीत जास्त सहा माणसं चालतात. जिवंत प्राणी चालत नाहीत. गाणाऱ्याचं वय अंतिम फेरीच्या दिवशी किमान १६ हवं. मुख्य आवाज प्रत्यक्ष गावा लागतो. वाद्यं मात्र सगळी ध्वनिमुद्रित असतात आणि मंचावरचा पियानो किंवा गिटार फक्त वाजवल्यासारखं दाखवायचं असतं. १९९८ नंतर स्पर्धेत वाद्यवृंद राहिलेला नाही. साथीचे आवाज ध्वनिमुद्रित ठेवण्याची मुभा २०२१ पासून आहे, पण त्यांच्या आडून मुख्य गायकाची चाल ट्रॅकवर सरकवता येत नाही.

गाणं आधीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरपूर्वी व्यावसायिकरीत्या प्रसिद्ध झालेलं नसावं. नवखे सर्वाधिक इथेच अडकतात. उन्हाळ्यात एखाद्या मैफलीत गायलेलं ध्रुवपद कुणीतरी इंटरनेटवर टाकतं आणि मग प्रसारण संस्थेपुढे खुलासे करत बसावं लागतं. म्हणून डेमो कुणाकुणाकडे गेला आहे याची तारखेनिशी नोंद ठेवा. शब्दांमध्ये राजकीय संदेश किंवा कुठल्या मालाची जाहिरात नको. भाषेचं बंधन १९९९ पासून नाही.

दुसरी पायरी: दार कोणतं ठोठवायचं

युरोव्हिजनला गाणं थेट पाठवता येत नाही. ते देशाची प्रसारण संस्था पाठवते. काही देश जाहीर स्पर्धा घेतात: स्वीडनचं मेलोडिफेस्टिवालेन, नॉर्वेचं मेलोडी ग्रां प्री, पोर्तुगालचं फेस्टिवाल दा कान्सांव, एस्टोनियाचं एस्टी लाउल, इटलीचं सानरेमो. काही देश दाराआड निवड करतात. बहुतेक ठिकाणी प्रवेशिका उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत घेतल्या जातात आणि मार्चच्या मध्यापर्यंत सगळ्या देशांची गाणी ठरलेली असतात. गायक त्या देशाचा नागरिक असावा असा युरोव्हिजनचा नियम नाही. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडसाठी गाऊन जिंकलेली सेलिन दिऑन कॅनडाची होती. त्या वर्षी तिला १३७ गुण मिळाले आणि ब्रिटनला १३६. एका गुणाचं मोल किती, हे विचारायची गरज उरू नये. देशोदेशीच्या निवड स्पर्धांचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा त्या त्या देशाची नियमावली वेगळी वाचा.

दार निवडताना गाण्याची जात पाहा. मेलोडिफेस्टिवालेनमध्ये मंचीय मांडणीवर फार भर असतो. फेस्टिवाल दा कान्सांवमध्ये रचनाकाराला मान असतो आणि जुन्या वळणाचं, हळुवार गाणंही तिथे टिकतं. सानरेमोत तीन मिनिटांहून मोठं गाणं चालतं, पण तिथून युरोव्हिजनला जाताना त्याला कात्री लावावी लागते आणि बॅलडमध्ये ती कात्री हमखास श्वास घ्यायच्या जागांवर चालते. तुमचं गाणं तिथे जाणार असेल, तर तीन मिनिटांची आवृत्ती पहिल्याच दिवशी करून ठेवा.

तिसरी पायरी: तीन मिनिटांचा हिशेब

संथ गाण्यात वेळ फार लवकर संपतो. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली आणि चार मात्रांचा एक बार, तर एक बार ३.३३ सेकंदांचा होतो. १८० सेकंदांत बसतात फक्त ५४ बार. लय ६० केली, तर ४५. सरळ दोन अंतरे, तीन ध्रुवपदं आणि मध्ये वाद्यांचा तुकडा अशी सवयीची बांधणी यात मावत नाही, म्हणून आधी कागदावर आखणी करा.

७२ च्या लयीसाठी चालणारी एक आखणी अशी: सुरुवातीचे सूर २ बार, पहिला अंतरा ८, ध्रुवपदाकडे नेणारी चढण ४, ध्रुवपद ८, दुसरा अंतरा अर्धाच म्हणजे ४, चढण ४, ध्रुवपद ८, ब्रिज (शेवटच्या ध्रुवपदाआधीचा वेगळ्या चालीचा तुकडा) ४, शेवटचं ध्रुवपद ८, शेवट २. एकूण ५२ बार, म्हणजे सुमारे २ मिनिटं ५३ सेकंद. उरलेल्या सात सेकंदांपैकी पाच शेवटच्या सुराच्या घुमेला आणि दोन हाताशी. या आखणीत पहिलं ध्रुवपद ४७ व्या सेकंदाला येतं, दुसरं १ मिनिट ४० ला, ब्रिज २:०७ ला आणि शेवटचं ध्रुवपद २:२० ला.

पहिलं ध्रुवपद मिनिटाच्या पुढे गेलं, तर गाणं हातातून निसटतं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला तोवर धरून ठेवेल असं काही घडलेलं नसतं. उपाय लय वाढवण्याचा नाही, अंतरा कापा. बहुतेक गीतकारांच्या पहिल्या अंतऱ्यातल्या पहिल्या दोन ओळी स्वतःला गाण्यात शिरायला मदत म्हणून लिहिलेल्या असतात. त्या काढून तिसऱ्या ओळीपासून गाऊन पाहा. दहापैकी आठ वेळा गाणं सुधारतं.

तिन्ही ध्रुवपदं एकाच उंचीची असली, की दुसऱ्या वेळेलाच कान निर्ढावतो. पहिलं फक्त पियानो आणि आवाजावर ठेवा. दुसऱ्यात व्हायोलिन-चेलो आणि साथीचे आवाज येऊ द्या. तिसऱ्याला काय करायचं, यात तुमची खरी परीक्षा. पट्टी एका स्वराने वर नेणं ही जुनी युक्ती आहे आणि ती अजूनही काम करते, पण तिथे शब्दही बदलत असेल तरच. नायिकेच्या मनात काहीच घडलेलं नसताना पट्टी चढली, तर तो नुसता जोर वाटतो. उलटही करता येतं: सगळी वाद्यं काढून घ्या आणि शेवटचं ध्रुवपद जवळजवळ पुटपुटून म्हणा. २०२५ मध्ये बाझल शहरात ऑस्ट्रियाचा गायक जेजे ४३६ गुण मिळवून ज्या गाण्याने जिंकला, ते एकतर्फी प्रेमाचं होतं. ते ऑपेराच्या ढंगाने सुरू होऊन शेवटाला एकदम इलेक्ट्रॉनिक ठेक्यात उसळतं. संथ गाण्याने शेवटपर्यंत संथच राहावं असा कुठलाही नियम नाही.

चौथी पायरी: शब्द

ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना तुमच्या गाण्याची भाषा येत नसते, किंवा मोडकीतोडकी येते. म्हणून इंग्रजीच हवी असं अनेकांना वाटतं. पण २०१७ मध्ये कीव्हला पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालने पोर्तुगीजमध्येच गायलं आणि ७५८ गुण मिळवून स्पर्धा जिंकली: ज्यूरीकडून ३८२, प्रेक्षकांकडून ३७६. ते गाणं त्याच्या बहिणीने, लुइझा सोब्रालने लिहिलं होतं. दोघांसाठी मी एकटाच प्रेम करीन, एवढीच त्यातली मध्यवर्ती कल्पना. सांगायला एक वाक्य पुरतं, हेच त्याचं बळ.

हीच कसोटी तुमच्या गाण्याला लावा. प्रत्येक देशाचा निवेदक गाणं सुरू होण्याआधी आपल्या भाषेत एखादंच वाक्य बोलतो. तुमचं गाणं त्या वाक्यात बसतं का? 'हे प्रेमाबद्दल आहे' हे उत्तर नापास. 'ती गेल्यावरही तो दोन कप भरतो' हे उत्तर पास. जे वाक्य सापडेल ते प्रसारण संस्थेच्या पथकाकडून निवेदकांना दिल्या जाणाऱ्या माहितीत सगळ्यात वर आलं पाहिजे. निवेदकांना ते आयतं मिळालं, तर ते तेच वापरतात.

गाण्यात एकच प्रतिमा ठेवा आणि ती वाढवत न्या. समुद्र, आग, तारे आणि तुटलेलं काच हे चौघे एका गाण्यात आले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. कोण कुणाशी बोलतंय हे पहिल्या चार ओळींत कळू द्या. 'तू'ला उद्देशून लिहिलेलं गाणं कॅमेऱ्यात पाहून गाता येतं. 'तो' किंवा 'ती'बद्दल लिहिलेलं गाणं गाताना गायकाची नजर इकडेतिकडे भटकते. हा फरक कागदावर दिसत नाही, पडद्यावर लगेच दिसतो.

आता तोंडाचा विचार. सर्वांत उंच आणि लांब सुरावर शक्यतो 'आ' किंवा 'ओ' येऊ द्या. 'ई' आणि 'ऊ' उंचावर आवळतात. लांब सुराचा शेवट 'स' किंवा 'श' ने झाला, तर तो माइकमधून फुत्कारासारखा जातो; 'न', 'म' किंवा उघड्या स्वराने शेवट केला, तर सूर अलगद मिटतो. ७२ च्या लयीत दोन बारांची ओळ सुमारे पावणेसात सेकंद चालते. घाबरलेल्या माणसाच्या एका श्वासात तेवढंच बसतं. तीन बारांची अखंड ओळ स्टुडिओत सुंदर वाटते आणि मंचावर मधेच तुटते.

पाचवी पायरी: पट्टी आणि आवाज

पट्टी ठरवताना गायकाचा सर्वांत उंच सूर कोणता हे पाहू नका. थकलेल्या गायकाचा सर्वांत उंच विश्वासाचा सूर कोणता ते पाहा. चाचणी सोपी आहे. गाणं सलग तीनदा, उभं राहून, मध्ये पाणी न पिता गायला लावा. तिसऱ्या वेळेलाही वरचा सूर जागेवर असेल, तर पट्टी बरोबर. नसेल तर अर्धा स्वर खाली आणा आणि पुन्हा तीनदा. गायक कुरकुरतो, कारण एकदाच गाताना वरची पट्टी जास्त चमकदार वाटते. मे महिन्यात त्याला एकदा नाही, आठदा गायचं असतं. त्याचा हिशेब पुढे येतोच.

पट्टी खाली नेताना दुसरं टोकही तपासा. स्त्री गायिकेचा अंतरा पियानोवरच्या मधल्या सी-खालच्या जी सुराच्याही खाली रेंगाळत असेल, तर हजारोंच्या सभागृहात तो तिला स्वतःलाच ऐकू येत नाही. तिथे चाल बदलणं शहाणपणाचं. अंतऱ्याची शेवटची ओळ खाली उतरण्याऐवजी त्याच सुरावर थांबवली, तरी काम होतं.

हरकती आणि मुरक्यांबद्दल आमचं मत ठाम आहे: पहिल्या ध्रुवपदात एकही नको. चाल आधी लोकांच्या कानात बसू द्या. दुसऱ्यात एखादी, शेवटच्यात जिवापाड एक. ज्यूरीच्या निकषांत आवाजाची ताकद असते, पण त्याबरोबर रचना आणि तिचा वेगळेपणा, मंचावरच्या सादरीकरणाचा दर्जा आणि एकूण ठसाही असतो. दर ओळीला गिरकी घेणारा गायक एक निकष जिंकतो आणि बाकीचे गमावतो.

सहावी पायरी: ट्रॅक आणि कानातला आवाज

वाद्यवृंद नसल्याने लय गायकासाठी थांबत नाही. बॅलडमध्ये ओळीच्या शेवटी रेंगाळायची सवय असते. ते रेंगाळणं हवं असेल, तर ते ट्रॅकमध्येच कोरून घ्यावं लागतं: आधी पियानोवादक आणि गायक यांचं मोकळेपणाने गायलेलं ध्वनिमुद्रण करा, त्यावरून लयीचा नकाशा काढा आणि मग बाकीची वाद्यं त्या नकाशावर चढवा. उलट्या क्रमाने केलं, म्हणजे यंत्राच्या ठोक्यावर ट्रॅक बांधून नंतर गायकाला 'भावनेने गा' म्हटलं, तर तो प्रत्येक समेला थोडा उशिरा पोहोचतो.

गायकाच्या कानात इन-इअर, म्हणजे कानात बसणारा छोटा स्पीकर असतो. त्यात स्वतःचा आवाज, पियानो, ठोका आणि थोडासा प्रेक्षकांचा गलका हवा. स्वतःचा आवाज कमी ऐकू आला, की गायक जोर लावतो आणि जोर लावला, की सूर चढतो. एक कान काढून ठेवायची सवय असेल, तर ती मोडा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटरवरच्या भिंतीवरून येणारा आवाज जाऊन-येऊन जवळजवळ ०.२ सेकंद मागे असतो. ७२ च्या लयीत ही पाव मात्रा झाली. उघडा कान त्या प्रतिध्वनीवर चालायला लागतो आणि गाणं मागे पडतं.

गाणं साथीविना, नुसत्या आवाजाने सुरू होत असेल, तर इन-इअरमध्ये सुरुवातीचा सूर आणि चार ठोके आधी वाजवायची सोय करून घ्या. ते फक्त गायकाला ऐकू जातात. हे विसरलं, तर पहिली ओळ अंदाजाच्या पट्टीत गायली जाते आणि पियानो आला की सगळ्या खंडाला चूक कळते.

मिक्स करताना स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर विश्वास ठेवू नका. बहुतेक लोक टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर किंवा फोनवर ऐकतात. अगदी खालचा बास तिथे पोहोचतच नाही. हळू आणि मोठ्या भागांत फरक राहू द्या, पण पहिला अंतरा इतका बारीक नको, की लोकांना रिमोट शोधावा लागेल. एकदा टीव्हीवर, एकदा फोनवर आणि एकदा शेजारच्या खोलीतून ऐका. शेजारच्या खोलीतून ध्रुवपदाची चाल ओळखू आली पाहिजे.

सातवी पायरी: मंच आणि कॅमेरा

घरून पाहणारा माणूस मंच पाहत नाही, शॉट पाहतो. बॅलडची मांडणी म्हणून कॅमेऱ्यापासून सुरू करा. वर दिलेल्या ५२ बारांच्या आखणीला साधारण असा आराखडा बसतो: सुरुवात १ शॉट, पहिला अंतरा ३, चढण २, ध्रुवपद ४, दुसरा अंतरा २, चढण २, ध्रुवपद ५, ब्रिज १, शेवटचं ध्रुवपद ६, शेवट १. एकूण २७. जलद गाण्यात याच्या दुप्पट-तिप्पट लागतील. शॉट बदलायची जागा ओळीच्या मधोमध नको. श्वासावर किंवा समेवर असू द्या.

पहिल्या दहा सेकंदांत चेहरा दिसलाच पाहिजे. दूरच्या क्रेनवरून, धुक्यातून, पाठीमागून अशी लांबलचक सुरुवात फार जण मागतात. त्यात अंतऱ्याचे शब्द वाहून जातात. डोळे मिटून गायचा मोह बॅलडमध्ये जास्त. ब्रिजपर्यंत ते उघडे ठेवा. एकदाच मिटा आणि जिथे उघडाल तिथे कॅमेरा समोर असू द्या. गायकाने पाठ करायच्या गोष्टी तीन: शब्द, चाल आणि कुठल्या ओळीला कुठल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागणार. तिसरी कुणी पाठ करत नाही आणि मग अगदी मोक्याच्या ओळीला नजर भलत्याच दिशेला असते.

सामान कमीच ठेवा. दोन गाण्यांच्या मध्ये साधारण ४० सेकंदांची चित्रफीत दाखवली जाते. तेवढ्यात आधीच्या देशाचं सामान बाहेर, तुमचं आत आणि गायक जागेवर. चाकांवर न सरकणारी, दोन माणसांना न हलणारी किंवा जोडायला स्क्रू लागणारी वस्तू आणू नका. पियानो आणायचा, तर तो हलका आणि पोकळ असू द्या; आवाज तसाही त्यातून येणार नाही. जमिनीलगतचं धुकं सुंदर दिसतं, पण ते पसरायला काही सेकंद लागतात, म्हणून ते कोणत्या क्षणी सोडायचं हे आराखड्यात लिहा. हवेत तरंगणारा धूर घसा कोरडा करतो. पंख्याचा झोत समोरून नको: डोळ्यांतून पाणी येतं आणि माइकमध्ये वारा घुसतो. कपड्यांवर बारीक, जवळजवळच्या रेघा नकोत. कॅमेऱ्यात त्या लाटांसारख्या थरथरतात.

आणि गायकाच्या मागे एक जोडपं नाचवून प्रेम 'दाखवायचं' असा विचार असेल, तर तो सोडून द्या. शब्द सांगतात ते नाच पुन्हा सांगतो आणि नजर गायकावरून हलते. सोब्राल २०१७ मध्ये प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या मंचावर एकटा उभा राहून गायला. नर्तक नाहीत, फटाके नाहीत. नेदरलँड्सचा डंकन लॉरेन्स २०१९ मध्ये तेल अवीवला पियानोपाशी बसून गायला. दोघेही जिंकले. साधेपणा म्हणजे आखणी न करणं मात्र नव्हे. रिकाम्या मंचावर प्रत्येक चूक उघडी पडते, म्हणून साध्या मांडणीला तालमी जास्त लागतात.

आठवी पायरी: मे महिन्याचे दोन आठवडे

तुम्ही पोहोचण्याआधीच यजमान शहरातले बदली कलाकार तुमच्या आराखड्यानुसार कॅमेरे बसवून पाहतात. आराखडा जितका नेमका पाठवाल, तितकं पहिलं चित्र जवळचं निघेल. 'इथे भावपूर्ण शॉट' असं लिहू नका. 'दुसऱ्या ध्रुवपदाची तिसरी ओळ, डावीकडून चेहरा, हळूहळू जवळ, सहा सेकंद' असं लिहा.

पहिली तालीम साधारण अर्ध्या तासाची, दुसरी त्याहून थोडी छोटी. प्रत्येक तालमीनंतर पथकाला वेगळ्या खोलीत चित्रण दाखवतात आणि दुरुस्त्या विचारतात. तिथे सगळे एकदम बोलले, तर महत्त्वाची दुरुस्ती हरवते. एकच माणूस बोलेल असं आधी ठरवा आणि एका वेळी तीनच दुरुस्त्या सांगा, महत्त्वाची आधी. प्रकृतीचं कारण असेल तर आधीच कळवा: २०१७ मध्ये सोब्रालच्या तब्येतीमुळे सुरुवातीच्या तालमीत त्याच्या जागी बहीण गायली होती.

आता तो आठ वेळांचा हिशेब. उपांत्य फेऱ्या मंगळवारी आणि गुरुवारी, अंतिम फेरी शनिवारी. प्रत्येक कार्यक्रमाआधी तीन रंगीत तालमी होतात: आदल्या दुपारी, आदल्या संध्याकाळी आणि त्याच दुपारी. गुरुवारच्या फेरीतून पुढे जाणारा गायक बुधवारी दोनदा, गुरुवारी दोनदा, शुक्रवारी दोनदा आणि शनिवारी दोनदा गातो. चार दिवसांत आठ वेळा, मध्ये एकही दिवस सुटी नाही. मंगळवारच्या फेरीतून आलेल्याला मध्ये बुधवार-गुरुवार मिळतात.

या आठांपैकी कोणत्या वेळी जीव ओतायचा? ज्यूरी गुण देते ते आदल्या संध्याकाळच्या तालमीवर. म्हणजे अंतिम फेरीचे ज्यूरीचे गुण शुक्रवारी संध्याकाळीच ठरतात. शनिवारी तुम्ही कितीही गहिवरून गायलात, तरी ते बदलत नाहीत. २०२३ ते २०२५ मध्ये उपांत्य फेरीत फक्त प्रेक्षकांची मतं धरली जात. २०२६ पासून तिथेही ज्यूरी परत आली आहे, त्यामुळे सोमवार आणि बुधवारच्या संध्याकाळीही तितक्याच महत्त्वाच्या. दुपारच्या तालमीत वरचे सूर अर्ध्या आवाजात घ्या, चेहरा मात्र पूर्ण द्या, कारण तिथे कॅमेरा सराव करत असतो. मुलाखती सकाळी उरका. मोठ्या आवाजातल्या मेजवान्या पूर्ण टाळा. गाण्याने जितका घसा बसत नाही, तितका गोंगाटात बोलण्याने बसतो.

तालमीचं चित्रणही कधी कामाला येतं. २०२१ मध्ये रॉटरडॅमला आइसलँडच्या पथकात कोविड निघाल्यावर त्यांच्या तालमीचं चित्रण दाखवलं गेलं आणि ते चौथे आले. तेव्हा पोशाख, केस, इन-इअर सगळं पहिल्यापासून खऱ्यासारखं असू द्या.

नववी पायरी: क्रम आणि मतं

गाण्यांचा क्रम २०१३ पासून निर्माते ठरवतात. सोडतीत फार तर आधीचा की नंतरचा भाग एवढंच कळतं. दोन दणदणीत गाण्यांच्या मध्ये बॅलड आलं, तर ती भेटच समजा. लागोपाठ दुसरं संथ गाणं असेल, तर पहिला शॉट आणि रंग आधीच्या गाण्याहून वेगळे आहेत ना, एवढं पाहा. अंतिम फेरीत दुसऱ्या क्रमांकावर गायलेलं गाणं २०२५ पर्यंत कधी जिंकलेलं नाही. तो क्रमांक आला, तरी करण्यासारखं काही नसतं. गाणं तेच गायचं.

ज्यूरी आणि प्रेक्षक यांना एकाच गाण्यात वेगवेगळं काही दिसू शकतं. २०१५ मध्ये इटलीच्या तीन गायकांनी ऑपेराच्या थाटात गायलेलं प्रेमगीत प्रेक्षकांच्या मतांत पहिलं होतं, ज्यूरीत सहावं आणि एकूण तिसरं. उलट २०१९ मध्ये लॉरेन्स ज्यूरीत तिसरा, प्रेक्षकांत दुसरा आणि एकूण ४९८ गुणांनी पहिला. दोन्हीकडे वरच्या तिघांत राहणं एकीकडे पहिलं येण्यापेक्षा कामाचं ठरलं. म्हणून गाणं घडत असतानाच दोन प्रकारच्या माणसांना ऐकवा: संगीत जाणणारे पाच आणि न जाणणारे पाच. 'आवडलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. तुमच्यासह पाच संथ गाणी एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा: कोणतं आठवतं, त्यात काय घडत होतं? दहापैकी तिघांनीही तुमचं गाणं सांगितलं नाही, तर आवाजाकडे किंवा प्रकाशाकडे जाऊ नका. दुरुस्ती ध्रुवपदाच्या पहिल्या ओळीत लागते.

प्रेक्षक फोन, एसएमएस किंवा अ‍ॅपने मत देतात. स्वतःच्या देशाला देता येत नाही. सहभागी नसलेल्या देशांतले लोक २०२३ पासून ऑनलाइन मत देतात आणि ती सगळी मतं मिळून आणखी एका देशाइतकी धरली जातात. एका माणसाला २० मतं देता येत, ती मर्यादा २०२६ पासून १० वर आणली आहे. मतदानाच्या वेळी प्रत्येक गाण्याचे मोजके सेकंद पुन्हा दाखवतात. त्या तुकड्यासाठी सगळ्यात मोठ्या सुराचा क्षण सुचवायची घाई करू नका. ज्यात चेहरा जवळून दिसतो आणि ध्रुवपदाचे शब्द पुरे ऐकू येतात, असा क्षण सुचवा.

शेवटच्या सुराचा सराव वेगळा करा. सूर संपल्यावर गायक लगेच हसतो, हात हलवतो, 'थँक यू' म्हणतो आणि तीन मिनिटं जपलेलं सगळं अर्ध्या सेकंदात मोडतं. सूर संपला, की नजर कॅमेऱ्यातच ठेवून मनात दोन मोजायचं, श्वास सोडायचा, टाळ्या वर येऊ द्यायच्या आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा विझल्यावरच मान वळवायची.